पातळी, तारीख आणि काठावरची पंचायत

अलमट्टीच्या धरणाची उंची वाढवण्याचा विषय निघाला की एक आकडा सर्वांच्या तोंडी येतो: ५२४.२५६ मीटर. दशांशचिन्हापुढचे तीन अंक पाहून वाचणाऱ्याची सहजच अशी समजूत होते की, नदीत पाणी किती, मागे गावे किती आणि पुढे तहानलेली शेते किती, याचा मिलिमीटरपर्यंत तोल साधून कोणा कुशल अभियंत्याने ही पातळी काढली असावी. वस्तुतः हा आकडा म्हणजे समुद्रसपाटीपासून बरोबर १,७२० फूट. फुटांच्या जमान्यातली ती एक सुटसुटीत पूर्ण संख्या आहे. मापे बदलली, तिचे मीटरांत रूपांतर झाले, आणि त्या रूपांतराबरोबर तिला अचूकतेचे तेज चढले. आज ज्या ५१९.६० मीटरवर जलाशय भरतो, त्या रेघेपासून ही दुसरी रेघ ४.६५६ मीटर, म्हणजे सुमारे सव्वापंधरा फूट वर आहे. या सव्वापंधरा फुटांवर राज्याराज्यांत अनेक वर्षे वाद चालला आहे, दोन लवादांची दप्तरे भरली आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाचा बहुमोल वेळ खर्ची पडला आहे. परंतु हे पाणी ज्यांच्या अंगणात आणि उसाच्या सरीत येऊन उभे राहायचे, त्या गावांना या सबंध व्यवहारात आपली कैफियत मांडण्यासाठी रीतसर जागा कोठेच ठेवलेली नाही. ती जागा का असावी आणि तिथे बसून नेमके काय ठरवावे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. धरणाची कोनशिला १९६४ च्या मे महिन्यात लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली, आणि २००६ च्या ऑगस्टात राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केले; आजोबांनी पायाभरणी पाहिली आणि नातवाने जलाशय पाहिला, असे म्हणण्याइतका काळ मध्ये गेला. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ मध्ये निवाडा देऊन कृष्णेच्या भरवशाच्या पाण्यापैकी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी वाटून दिले. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, हे माप पुढेही लागेल.) पुढे धरणाच्या उंचीवरून आंध्र आणि कर्नाटक यांच्यात तंटा पेटला, आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने तूर्त ५१९.६० मीटरपर्यंतच पाणी साठवण्याची मुभा दिली. २००४ साली न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा लवाद बसला. त्याने २०१० च्या डिसेंबरात कर्नाटकाला ५२४.२५६ मीटरची परवानगी दिली, ती कृष्णा ऊर्ध्व प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात १३० टीएमसी पाणी वापरता यावे म्हणून. २०१३ साली त्याचा पुढचा अहवालही आला. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे हा निवाडा केंद्राच्या राजपत्रात प्रसिद्ध होऊ शकला नाही, आणि जोवर तो प्रसिद्ध होत नाही तोवर त्याला अंमलाचे बळ नाही. या स्थितीतच २०२५ च्या सप्टेंबरात कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने तिसऱ्या टप्प्यासाठी भूसंपादनाचे दर जाहीर केले, आणि कृष्णेच्या वरच्या अंगाला, सांगली-कोल्हापूरच्या पूरपट्ट्यात, जुनी धास्ती पुन्हा जागी झाली.

या तंट्यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आंध्राची तक्रार खालच्या शेजाऱ्याची आहे: वर पाणी अडवले तर आमच्याकडे कमी येईल. महाराष्ट्राची तक्रार वरच्या शेजाऱ्याची आहे: खाली पाणी अडवले तर आमच्याकडून ते लवकर जाणार नाही. पहिली तक्रार टीएमसीत मोजता येते, तिचे वाटप करता येते, कमीअधिक करून तडजोड घडवता येते, आणि म्हणून आपला सारा जलविवादाचा कायदा तिच्याच मापाने शिवलेला आहे. दुसरी तक्रार दिवसांत मोजावी लागते. शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या मळीच्या जमिनीवर पाणी तीन दिवस राहिले की अकरा दिवस राहिले, यावर तिथल्या शेतकऱ्याचे सबंध साल ठरते. पण हा फरक वाटपाच्या कोष्टकात कोणत्याच रकान्यात बसत नाही.

तिथला माणूस ही तक्रार फार नेमकेपणाने मांडतो. पुराचे त्याला वावडे नाही. नरसोबाच्या वाडीला कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर दत्तप्रभूंच्या पादुकांचे जे स्थान आहे, तिथे पावसाळ्यात पाणी चढत चढत मंदिरात शिरते, उत्तरेकडून येऊन पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि त्या ‘दक्षिणद्वारा’च्या स्नानासाठी लांबलांबून लोक धावत येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजाअर्चा तिथे चालू राहते. ज्या गावाने पुराच्या येण्याला आपल्या उपासनेत स्थान दिले, त्या गावाला नदी काठाबाहेर येते हे नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. कोणत्या पायरीला पाणी लागले म्हणजे कुरुंदवाडची वाट बंद होणार आणि कोणत्या पायरीला लागले म्हणजे जनावरे सोडायची, हे ज्ञान तिथल्या वृद्धांना उपजत असल्यासारखे असते. त्यांचे म्हणणे इतकेच की, पूर्वी पाणी जसे चढे तसे उतरेही. आता चढते आणि तुंबून राहते. उसाच्या बुंध्याशी चार-सहा दिवस पाणी राहिले तर पीक तग धरते. पण पोंग्यात गढूळ पाणी जाऊन बसले की शेंडा कुजतो, आणि आडसाली लावणीवर वर्षभर केलेला खर्च गाळात जातो. सोयाबीन आणि भुईमूग यांना तर तेवढीही मुदत मिळत नाही.

आता यात अलमट्टीचा दोष किती, हा प्रश्न भावनेने सोडवण्याचा नाही. सांगलीपासून अलमट्टी नदीच्या वाटेने दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि मध्ये हिप्परगीचा बंधाराही आहे. इतक्या अंतरावरचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी पातळी कशी वाढवील, अशी शंका सामान्य माणसाला यावी हे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर फुगवट्याच्या स्वभावात आहे. नकाशावर जलाशय एका पातळीची सपाट चादर म्हणून दाखवतात. पण ती स्थिती पाणी निश्चल असते तेव्हाची. नदी जेव्हा सेकंदाला लाखो घनफूट, म्हणजे लाखो क्युसेक, अशा प्रवाहाने जलाशयात उतरते, तेव्हा पाण्याचा पृष्ठभाग धरणापासून मागे मागे चढत जातो, आणि त्या चढाचे टोक जलाशयाच्या कागदावरच्या हद्दीपेक्षा बरेच वर पोहोचते. शिवाय नदीचा वेग जिथे मंदावतो तिथेच ती आपला गाळ टाकते. त्यामुळे जलाशयाच्या माथ्याशी तळ वर्षानुवर्षे उंचावतो आणि फुगवट्याचे टोक हळूहळू आणखी मागे सरकते. सांगलीच्या खाली कृष्णेचा उतार मुळातच अतिशय मंद आहे; नदी तिथे वळणे घेत, आळसावल्यासारखी चालते. अशा नदीच्या खालच्या अंगाला पातळी वाढवताना तिचा परिणाम शून्य असेल, हे गृहीत धरता येत नाही. आणि तो सर्वनाशी असेल, हेही धरता येत नाही. तो मोजावा लागतो, आणि दर काही वर्षांनी, गाळाचा नवा हिशोब घेऊन, पुन्हा मोजावा लागतो.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि माणसे दगावली. त्या महापुरानंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि २०२० साली तिने अहवाल दिला. पूर येण्यास मुख्यतः असाधारण पाऊस आणि नदीपात्रातली व पूरक्षेत्रातली अतिक्रमणे कारणीभूत होती, अलमट्टी नव्हे, असा समितीचा निष्कर्ष होता. पूरपट्ट्यात हा निष्कर्ष अनेकांना रुचला नाही. माझे मत असे की, तो नाकारण्याचे कारण नाही. कारण सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वर-नवजाच्या पट्ट्यात, जे पाणी त्या दिवसांत कोसळले ते कोणत्याही धरणाने आणलेले नव्हते. पण समितीला पुसलेला प्रश्न आणि काठावरचा प्रश्न हे दोन वेगळे आहेत. पूर कशाने आला, हा पहिला. आलेला पूर उतरायला किती दिवस लागले आणि खालच्या पातळीने त्यात किती भर घातली, हा दुसरा. शिवाय तो अहवाल ५१९.६० मीटरच्या जलाशयाविषयी आहे. आजच्या पातळीला दोष नाही म्हणून सव्वापंधरा फूट वरच्या पातळीलाही दोष नसेल, असा दाखला त्यातून काढणे तर्काला धरून होणार नाही. आणि सांगली-कोल्हापूरची बाजू मांडणाऱ्यांनी समितीवर रोष धरण्याऐवजी हा भेद पुढे ठेवला असता, तर त्यांची बाजू अधिक भक्कम झाली असती.

या ठिकाणी थोडे गणित करणे अपरिहार्य आहे. महापुराच्या ऐन दिवसांत अलमट्टीच्या दरवाज्यांतून पाच लाख क्युसेकहून अधिक विसर्ग सोडावा लागला होता. पाच लाख क्युसेक म्हणजे एका अहोरात्रीत सुमारे ४३ टीएमसी. जलाशयाची आजची सारी साठवण १२३ टीएमसी आहे. म्हणजे असा पूर चालू असताना ते धरण तळापर्यंत रिकामे असते आणि त्याचे सव्वीसही दरवाजे बंद ठेवले असते, तरी तीन दिवस पुरते भरण्याच्या आत ते काठोकाठ भरले असते. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. पूर दाराशी आल्यावर विसर्ग वाढवा म्हणून तारा, दूरध्वनी आणि मंत्र्यांच्या भेटी कितीही झाल्या, तरी तेव्हा हातात फारसे काही उरलेले नसते. आणि जे काही हातात असते ते त्याआधीच्या पंधरवड्यात असते. पाऊस सह्याद्रीवर जमू लागला असताना जलाशय कोणत्या पातळीवर उभा आहे, यात असते. पूरपट्ट्यातून वर्षानुवर्षे मागणी होत आली आहे की, ऑगस्टात पावसाचा जोर असेतोवर अलमट्टीची पातळी ५१७ मीटरच्या आसपास ठेवावी. या मागणीत उंचीपेक्षा तारखेला अधिक महत्त्व आहे. ५२४ मीटरचे धरण जुलैअखेर नेमस्त पातळीवर राखले, तर ते ५१९ मीटरच्या काठोकाठ भरलेल्या धरणाहून कमी घातक ठरू शकेल. आणि ५१९ मीटरचेच धरण अविचाराने जुलैच्या मध्यावर भरून ठेवले, तर उंची न वाढवताही पूरपट्टा सुरक्षित राहणार नाही. मी उंचीवाढीचा पुरस्कर्ता नाही. जोवर फुगवट्याचा स्वतंत्र आणि उभयमान्य अभ्यास होत नाही तोवर ती होऊ नये, असेच माझे मत आहे. परंतु सारी शक्ती उंचीच्या एका आकड्यावर खर्च करून तारखेचा प्रश्न मोकळा सोडणे, ही आपल्या बाजूची फार मोठी चूक होत आहे.

तारखेच्या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, आणि तीही माणसांचीच आहे. विजापूरचा मुलूख अवर्षणाचा. तिथल्या शेतकऱ्याला भीती वाटते ती अशी की, वरच्यांच्या सोयीसाठी ऑगस्टात जलाशय अर्धामुर्धा ठेवला आणि सप्टेंबरात पावसाने पाठ फिरवली, तर उन्हाळ्यात आमच्या कालव्यांत काय सोडणार? ही भीती सांगलीकरांना परकी वाटण्याचे कारण नाही. जत, आटपाडी आणि कवठेमहांकाळ हे सांगली जिल्ह्याचेच तालुके ताकारी, म्हैसाळ आणि टेंभूच्या उपसा योजनांतून येणाऱ्या कृष्णेच्या पाण्याची अशीच डोळ्यांत प्राण आणून वाट पाहतात. एकाच जिल्ह्यात पश्चिमेला पुराने आणि पूर्वेला तहानेने माणसे गांजलेली आहेत. आणि धरण भरण्याची घाई का होते, हे त्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माणसाइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

असे असता हा संवाद काठावरच्या लोकांत का होत नाही? त्याचे एक कारण इतिहासात आहे. कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याआधी वर्षभर सांगली, मिरज, कुरुंदवाड आणि जमखंडी ही पटवर्धनांची संस्थानेही झाली होती. विजापूर जिल्हा तर मुंबईकडे पूर्वीपासूनच होता. तेव्हापासून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, अलमट्टीची आजची जागा आणि नरसोबाच्या वाडीचा घाट यांचे प्रतिनिधी मुंबईच्या एकाच विधिमंडळात बसत होते. बागलकोटच्या आमदाराला शिरोळच्या आमदाराशी बोलायला लवादाची गरज नव्हती. दोघांची बाके एकाच दालनात होती. भाषावार प्रांतरचनेने त्या दालनाचे दोन भाग केले. ती रचना न्याय्य होती आणि तिच्याविषयी मला खेद नाही. पण त्याच १९५६ साली जो आंतरराज्य नदी जलविवादाचा कायदा झाला, त्याने नदीविषयी बोलण्याचा अधिकार केवळ राज्य सरकारांच्या हाती दिला. तेव्हापासून कृष्णेच्या एका गावाला दुसऱ्या गावाविषयी काही म्हणायचे असेल, तर त्याने आपल्या तहसीलदाराला लिहावे, तहसीलदाराने जिल्हाधिकाऱ्याला, तिथून अर्ज मुंबईला जावा, मुंबईने बंगळुरूला वा दिल्लीला कळवावे, आणि मग तो उलट्या क्रमाने दुसऱ्या काठी उतरावा, असा मार्ग उरला. प्रत्यक्षात तो अर्ज पहिल्या दोन मुक्कामांच्या पलीकडे क्वचितच जातो.

ग्रामसभांचे ठराव मी वाचले आहेत. त्यांची भाषा ठरीव असते: ‘अलमट्टी धरणाच्या उंचीवाढीस या सभेचा तीव्र विरोध आहे, तरी शासनाने योग्य ती कार्यवाही करावी.’ सूचक आणि अनुमोदक यांची नावे, खाली सरपंचांची आणि ग्रामसेवकाची सही, आणि पंचायतीचा गोल शिक्का. या ठरावांत कधीतरी एखादी ओळ अशी सापडते की जिच्यापुढे तज्ज्ञांच्या अहवालाने थांबावे. शाळेच्या भिंतीवर कोणत्या वर्षी पाणी किती विटांपर्यंत आले आणि किती दिवसांनी उतरले, याची नोंद गावाने स्वतः केलेली असते. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांच्या अशा खुणा पूरपट्ट्यातल्या गावांत भिंतीभिंतीवर आहेत. फुगवट्याचा कोणताही अभ्यास अशा खुणांवाचून अपुरा राहील. पण ठराव वर गेला की ती ओळ गळते आणि ‘तीव्र विरोध’ तेवढा उरतो; कारण वरच्या दप्तराला गावाकडून फक्त होकार वा नकार हवा असतो, माहिती नको असते.

कायद्याने गावाला काहीच दिलेले नाही असे नव्हे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जी अकरावी अनुसूची आली, तिच्यात पंचायतींच्या विषयांत लघुपाटबंधारे, जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकास यांचा स्पष्ट निर्देश आहे. पण मोठ्या धरणापाशी हा अधिकार संपतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन करताना बाधित क्षेत्रातल्या पंचायतीशी किंवा नगरपालिकेशी विचारविनिमय करणे आवश्यक ठरवले. त्याच कायद्याच्या एका परंतुकाने, ज्या पाटबंधारे प्रकल्पांना पर्यावरणीय मूल्यमापन लागू आहे, त्यांना या सामाजिक मूल्यमापनातून वगळले. जिथे पंचायतीचा शब्द सर्वांत मोलाचा ठरला असता, नेमके तिथेच तिला बोलावण्याची सक्ती उरली नाही.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट वेगळीच आहे. कोल्हापूर आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे तिथे प्रशासक बसले. कर्नाटकातल्या जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत त्याच्याही आधी, २०२१ साली संपली, आणि तिथेही निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या. म्हणजे उंचीवाढीची सर्वांत निकराची चर्चा चालू असताना, कृष्णेच्या वरच्या काठी आणि खालच्या काठी, जिल्ह्याच्या पातळीवर लोकांनी निवडून दिलेली एकही सभा अस्तित्वात नव्हती. जी संस्था सदस्यांच्या प्रश्नोत्तरांतून कार्यकारी अभियंत्याला उभे करून जाब विचारते, तिच्या सभागृहाला कुलूप होते. मंत्रालयातल्या बैठका झाल्या, पत्रके निघाली, अंकलीच्या पुलावर रस्ता रोखला गेला. हे सारे झाले. पण ठरावाच्या मसुद्यावर कलमवार चर्चा होऊन, विरोधी सदस्याने दुरुस्ती सुचवून, ती मताला टाकून, शेवटी जिल्ह्याचे म्हणून एक सिद्ध झालेले म्हणणे तयार व्हावे, ही प्रक्रिया घडली नाही. रस्त्यावर मागणी मांडता येते. तिचा तपशील भरायला सभागृहच लागते.

आता खालच्या काठाकडे वळू. उंचीवाढीचा सर्वांत मोठा घाव महाराष्ट्रावर बसणार आहे, असे इकडे बोलताना आपण विसरतो की पाण्याखाली कायमची जाणारी जमीन कर्नाटकाची आहे. सुमारे ७५ हजार एकर क्षेत्र, वीसएक गावे आणि बागलकोट शहराचा आणखी काही भाग या सव्वापंधरा फुटांत बुडायचा आहे. बागलकोटच्या जुन्या शहराचा काही भाग आजच्या जलाशयाने आधीच खाल्ला. लोकांनी नवनगरात घरे बांधली. बाकीच्यांना आपली जमीन जाणार हे ठाऊक होते, पण केव्हा जाणार हे सांगणारा कोणी नव्हता. ज्या जमिनीवर संपादनाची छाया आहे तिच्यावर नवी विहीर खणण्याचे धाडस कोणी करत नाही, आणि मुलीच्या लग्नासाठी ती विकायची म्हटले तर घेणारा पुढे येत नाही. २०२५ च्या निर्णयाने बागायतीला एकरी ४० लाख आणि जिरायतीला ३० लाख रुपये दर ठरला, तेव्हा तिथल्या अनेकांना वाटले असेल की निदान टांगती तलवार तरी उतरली. त्यांच्या या सुटकेकडे इकडच्या माणसाने वैरभावाने पाहू नये. अलमट्टीच्या खाली, कृष्णा आणि मलप्रभा यांच्या कूडलसंगमावर, बाराव्या शतकातल्या बसवेश्वरांचे ऐक्यस्थळ आहे; नारायणपूर धरणाचे पाणी तिथवर आले, तेव्हा त्या स्थळाभोवती विहिरीसारखी भिंत उभारून ते जपावे लागले, आणि आज भाविक पायऱ्या उतरून पाण्याच्या पातळीखाली दर्शनाला जातात. वर दत्ताच्या पादुका आणि खाली बसवण्णांचे ऐक्यस्थळ, दोन्ही संगमांवर जलाशयाच्या पातळीचा प्रश्न येऊन ठेपला आहे. वाडीच्या पुजाऱ्याला आणि कूडलसंगमाच्या जंगमाला एकमेकांशी बोलण्याजोगे पुष्कळ आहे.

आणि आपले हात तरी कुठे निर्मळ आहेत? कोयनेच्या दरवाज्यांची उंची वाढवून तिथली साठवण ९८.७८ टीएमसीवरून १०५.२५ टीएमसी झाली, तेव्हा फुगवट्यातल्या गावांचे म्हणणे इतक्या आस्थेने कोणी ऐकले होते? कोयनेच्या मूळ विस्थापितांच्या नातवंडांना आजही पुनर्वसनाच्या अर्जांचे गठ्ठे घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. कोल्हापूर आणि सांगली शहरांत निळ्या आणि लाल पूररेषांच्या आत इमारती उठल्या, त्या कर्नाटकाने बांधलेल्या नाहीत. महामार्गांचे भराव पूरमैदानात आडवे पडले आणि त्यांखाली पाण्याला जायला पुरेशा मोऱ्या ठेवल्या गेल्या नाहीत, हाही आपल्याच बांधकाम खात्याचा प्रमाद आहे. शिरोळ तालुक्यात हजारो एकर जमीन क्षारपड झाली ती अतोनात पाणी देण्याने आणि निचरा तुंबल्याने. जमिनीत सच्छिद्र नळ घालून ती सुधारण्याचे मोलाचे काम तिथल्या शेतकऱ्यांनी आणि साखर कारखान्याने हाती घेतले आहे. त्या नळांचे पाणी ओढ्यावाटे शेवटी नदीतच उतरायचे असते, आणि नदीची पातळी दीर्घकाळ उंच राहिली तर हा निचराही तुंबेल. अलमट्टीविषयीचा हा मुद्दा पुराच्या मुद्द्याइतकाच महत्त्वाचा असून तो कोणत्याही आंदोलनाच्या फलकावर माझ्या पाहण्यात आलेला नाही. तो ग्रामसभेत, ज्याच्या शेतात नळ पुरलेले आहेत त्या खातेदाराच्या तोंडूनच यायचा.

म्हणून माझी तजवीज साधी आहे. दोन्ही राज्यांचे अभियंते अलीकडे पावसाळ्यात परस्परांच्या संपर्कात असतात, आणि २०२१ मध्ये मंत्र्यांच्या पातळीवरही बोलणे झाले. हा संपर्क व्यक्तींच्या सौजन्यावर न ठेवता त्याला एका कायम मंडळाचे रूप द्यावे. त्या मंडळात अभियंत्यांच्या बरोबरीने सांगली, कोल्हापूर, बेळगाव, बागलकोट आणि विजापूर या पाच जिल्ह्यांच्या पंचायतींचे आणि काठच्या नगरपालिकांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत. पाणीवाटपात त्यांनी हात घालू नये. तो लवादाचा प्रांत आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोणत्या तारखेला जलाशय कोणत्या पातळीवर असावा, याचे वेळापत्रक तिथे ठरावे. ते मोडायचे झाले तर कोणी, कोणत्या कारणासाठी आणि किती तास आधी कळवून मोडायचे, हे लिहिलेले असावे. कोयना, वारणा, राधानगरी, हिप्परगी, अलमट्टी आणि नारायणपूर यांची आवक, विसर्ग आणि पातळी दर तासाला मराठीत आणि कन्नडात चावडीवर लागावी. आणि एक कलम भरपाईचे असावे. कायम बुडणाऱ्या जमिनीला एकरी दर ठरतो. पण वेळापत्रक मोडल्यामुळे पाणी आठ दिवस अधिक राहून पीक गेले, तर तलाठ्याने केलेला पंचनामा कोणाच्या खजिन्यावर वटणार, याला आज कोणत्याच राज्याच्या अंदाजपत्रकात लेखाशीर्ष नाही. ते उघडल्याखेरीज वेळापत्रकाला कोणी जुमानणार नाही, असे मला अनुभवी महसुली अधिकाऱ्यांशी बोलून वाटू लागले आहे.

ही व्यवस्था राजपत्रातल्या प्रसिद्धीवर अवलंबून नाही, की उंचीवाढ होते की नाही यावरही नाही, ५१९.६० मीटरलाही ती तितकीच लागू पडते. वर्षातून चार ग्रामसभा घेण्याचा आपल्याकडे जो प्रघात आहे, त्यांतली १५ ऑगस्टची सभा पूरपट्ट्यात बहुधा पाण्यातच जाते, आणि २ ऑक्टोबरची नुकसानीच्या याद्यांत. १ मे ची सभा मात्र मोकळी असते. एप्रिलच्या अखेरीस आळीपाळीने सांगलीला आणि जमखंडीला मंडळाची बैठक व्हावी, तिथे ठरलेले पातळ्यांचे वेळापत्रक १ मे रोजी काठच्या प्रत्येक गावात वाचून दाखवावे, गावाच्या हरकती भिंतीवरच्या खुणांसह त्याच महिन्यात मंडळाकडे जाव्यात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, धरणात नवे पाणी उतरू लागण्यापूर्वी, त्या हरकतींवर काय निर्णय झाला याचे लेखी उत्तर ग्रामपंचायतीच्या दप्तरी दाखल व्हावे.